कस्तुरीचं ‘पण’

मुंबईत जागेचं भाडं परवडेनासं झालं, तेव्हा लहान मुलांच्या वाहिन्या एकेक करून समुद्र ओलांडून अलिबागला आल्या. त्यामुळे नारळाच्या बागांमधून काचेच्या इमारती उगवल्या, आणि “काय रे, अलिबागहून आलास का?” असं विचारून कुणालाही येडा ठरवायची आपली जुनी सोय कायमची बंद झाली. आता सगळं अलिबागहूनच येत होतं. मुलांची स्वप्नंसुद्धा. त्या स्वप्नांकडे येतोच, आधी कार्टून.

‘किलबिल’ वाहिनीवर ‘तिकडी’ नावाची मालिका होती. दर भागात एक चोर असायचा आणि त्याला पकडणारी तीन मुलं. भुऱ्या केसांचा, गोरापान चिनार “चला, चोर पकडू!” म्हणायचा. चष्मेवाली मृण्मयी युक्ती सांगायची. गोट्या भजी खायचा. मग नियम आला, की मुलांच्या कार्यक्रमात सगळ्या वर्णांचे चेहरे दिसले पाहिजेत, नाहीतर प्रमाणपत्र नाही. वाहिनीने एका रात्रीत ‘तिकडी’ची ‘चौकडी’ केली.

चौथी मुलगी काळीसावळी, दाट कुरळ्या केसांची. तिच्या नावासाठी समिती बसली. काजल, श्यामा, रजनी ही नावं पुढे आली, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी “जरा उघड होतंय” म्हणालं. शेवटी ‘कस्तुरी’ ठरलं. ते कशावरून सुचलं हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं.

कस्तुरीला एक वाक्य होतं. बाकीच्या तिघांचं ठरलं, की ती हात वर करून म्हणायची, “मी पण!” आणि त्यांच्या मागून पळायची. पुढच्या भागात पुन्हा तेच.

हा आवाज होता हलिमा सिद्दीचा. सिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आपल्या किनाऱ्यावर आले, इथलेच झाले, जंजिऱ्यावर राज्य करून मोकळे झाले, आणि तरीही ज्यांना एसटीत शेजारी बसलेला माणूस “कुठून आलात?” असं विचारतो. हलिमा “मुरुडहून” म्हणायची. “नाही हो, मुळात?” “मुरुडच्या बाजारपेठेतून.” एवढं झाल्यावर तो माणूस खिडकीबाहेर बघायला लागायचा.

वाहिनीच्या प्रमुख विभावरी देवस्थळी. मनाने चांगल्या. आवाज अस्सल हवा म्हणून त्यांनी हलिमाला मुद्दाम शोधून काढलं होतं. पहिल्या दिवशी तिने “मी पण!” म्हटल्यावर त्या काचेपलीकडून गोड आवाजात म्हणाल्या, “छान. पण जरा तुमच्यासारखं म्हणाल का?”

“माझ्यासारखंच म्हटलं, ताई.”

“हो का? मग ठीक आहे.” असं म्हणून त्या जराशा हिरमुसल्या होत्या.

हलिमाने पुढे एकदा भीत भीत विचारलं होतं, “ताई, कस्तुरीला अजून एखादं वाक्य मिळेल का?”

“अगं, तिला वाक्यांची गरजच काय? तिचं असणंच बोलतं!”

असणं किती बोलतं ते हलिमाला ठाऊक होतं. स्कूटर उभी करायला जेवढा वेळ लागे, त्याहून कमी वेळात तिचं ध्वनिमुद्रण आटपायचं.

आता स्वप्नं.

डॉ. गिरिधर मेस्त्री नावाच्या, बुशशर्टाच्या खिशात कायम आवळासुपारी ठेवणाऱ्या एका मेंदूतज्ज्ञाने एक उशी बनवली. उशीच्या अभ्र्यात केसापेक्षा बारीक तंतू विणलेले. मेंदूत विजेची हालचाल झाली, की तिच्याभोवती अगदी क्षीण चुंबकीय लहरी उठतात, त्या हे तंतू टिपत. मूल जागेपणी चिनारला बघतं तेव्हा त्याच्या मेंदूत एक नक्षी उमटते. गोट्याला बघतं तेव्हा दुसरी. ओळखीचं माणूस, कुत्रा, होडी, प्रत्येकाची वेगळी. उशी आधी या नक्ष्या शिकून घेई. मग झोपेत, बुबुळं पापण्यांखाली भिरभिरायला लागली आणि स्वप्न सुरू झालं, की त्यांतली कोणती नक्षी पुन्हा उमटते ते ओळखी. सकाळी फोनवर त्या स्वप्नाचं अंधूक चित्र येई. पाण्यावर काढलेल्या रांगोळीसारखं, हलतं, कडा विरघळलेलं.

टीव्ही चालू असताना घरची मंडळी खरं तर फोनवर असतात, हे वाहिन्यांना कधीचं कळलं होतं. पण मुलाच्या स्वप्नात जो आला तो खरा आला. तिथे कुणी फोन घेऊन बसत नाही. तेव्हा लोकप्रियता स्वप्नांवरून मोजायचं ठरलं. घरोघरी उश्या वाटल्या गेल्या. कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही दिल्या, त्यांत हलिमाच्या लेकीला, आठ वर्षांच्या नाझनीनला एक मिळाली. तिला सगळे नाझू म्हणत.

पहिला निकाल सांगायला डॉ. मेस्त्रींनी बैठक बोलावली, आणि ज्या चार मुलांवरून एवढा उपद्व्याप चालला होता त्यांच्या आवाजांनाही बोलावलं. डॉक्टर आले, खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली आणि म्हणाले, “चिनार फारसा कुणाच्या स्वप्नात येत नाही.”

चिनारच्या आवाजाने खुर्ची मागे सरकवली.

“मग कोण येतं?” विभावरीताईंनी विचारलं.

“कस्तुरी. जवळजवळ सगळ्यांच्या.”

पडद्यावर चित्रं आली. सांगलीच्या एका मुलाच्या स्वप्नात कस्तुरी ढगांतून होडी वल्हवत होती, आणि होडीत त्याचा मेलेला कुत्रा निवांत बसला होता. चंद्रपूरच्या मुलीच्या स्वप्नात ती गणिताची बाई होती आणि सगळ्यांना शून्य मार्क वाटत होती, फुटाण्यासारखे. जळगावात ती केळीच्या बागेत उभी राहून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि झाडं वाकून ऐकत होती. निळसर उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हलत राहिला. आपण आपल्याच आवाजाच्या मागून कुठल्यातरी अनोळखी गावात चालत निघालोय, असं हलिमाला वाटलं.

“पण ती तर काहीच करत नाही!” विभावरीताई म्हणाल्या.

“म्हणूनच तर. मेंदू हा जुन्या वळणाच्या बाईसारखा आहे, ताई. अर्धवट टाकलेलं काम त्याला बघवत नाही. चिनारचं सगळं अर्ध्या तासात पुरं होतं, चोर पकडला, विषय संपला. ही ‘मी पण’ म्हणते आणि हिला कुणी काही करूच देत नाही. तेवढं ते उरतं. मग मुलं रात्रभर तिला काहीतरी करायला लावतात.”

टाळ्या झाल्या. हलिमा खुशीत घरी आली आणि नाझूच्या उशीची चित्रं उघडून बसली.

नाझूच्या स्वप्नात मृण्मयी होती. गोट्या होता, शाळेतला शिपाई होता, मुरुडचे मामू होते. कस्तुरी नव्हती. आदल्या रात्री नव्हती, त्याच्या आदल्या रात्रीही नव्हती. एका स्वप्नात नाझू समुद्रावरून चालत जंजिऱ्याकडे निघाली होती. भरतीचं पाणी पायाखाली काचेसारखं घट्ट. मधेच ती वाकली आणि तिने पाण्यात आपलं तोंड बघितलं.

पाण्यात चिनार होता. भुरे केस आणि गोरेपणासकट.

हलिमाने फोन पालथा ठेवला. नाझू जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंतवत होती.

“नाझू, तुझ्या स्वप्नात कस्तुरी का गो येत नाही?”

“मला नाही आवडत ती.”

“मी बोलते ना तिचं.”

“ठाऊक आहे.” नाझूने नाडीची गाठ दातांनी ओढली. “शाळेत सगळे चौकडी खेळतात. मीच कस्तुरी. दर वेळी. त्रिशा म्हणाली, तू तशीच दिसतेस ना. मग मी ‘मी पण’ म्हणते आणि माझं संपतं. परवा मी म्हटलं, चोर त्या झाडामागे आहे, तर म्हणे, ए, कस्तुरी असं बोलत नाही.”

“मग तू काय केलंस?”

“मागून पळाले.” तिने वर बघितलं. “अम्मी, तू जास्त बोलली असतीस तर?”

हलिमा दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच वाहिनीत गेली. तिथे भांडायला कुणी मोकळं नव्हतं, सगळे आनंदात होते. कस्तुरी नायिका होणार होती! ‘कस्तुरीची दुनिया’ नावाची नवी मालिका. संवादांचा गठ्ठाच हलिमाच्या हातात आला. तिने तो उभ्या उभ्या वाचला. त्यात कस्तुरी ढोल वाजवायची. जंगलात राहायची. तिचा एक सिंह होता. दर भागाच्या शेवटी ती सगळ्या मुलांना “आपण सारे समान आहोत” असं समजावून सांगायची.

“हा सिंह कुठला, ताई?”

“तिचा. तिच्या... म्हणजे, मूळ गावचा.”

“मुरुडला सिंह नाही. माझा भाऊ बर्फाच्या कारखान्यात आहे. आमच्या घरात ढोल कुणाला येत नाही, कॅरम येतो.” हलिमाने पानं उलटली. “ही कधी सायकलवरून पडते का? खोटं बोलते का? रुसते?”

“छे छे! तिच्यावर केवढी जबाबदारी आहे, हलिमा. ती पडून कसं चालेल?”

तरी हलिमाने ते सगळं म्हटलं. नाझूने जास्त बोल म्हटलं होतं, ती बोलली. चाचणीसाठी काही मुलांना ते भाग दाखवले, आणि आठवड्याभरात कस्तुरी त्यांच्या स्वप्नांतून निघून गेली. होडी रिकामी तरंगत राहिली. केळीची झाडं सरळ उभी झाली. नाझूने पहिला भाग बघता बघता विचारलं, “ही आपल्याला शिकवते का आहे? हिला खेळायचं नाहीये?” आणि ती उठून गेली.

“तुम्ही तिला पूर्ण करून टाकलंत,” डॉ. मेस्त्री म्हणाले. “आता मेंदूला तिच्यात काही काम उरलं नाही.”

हलिमाला वाटलं, आता तरी या बाईंना कळेल. विभावरीताईंना कळलंही. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, “आपली चूक झाली. कस्तुरीला पुन्हा ‘चौकडी’त घ्यायचं, आणि यापुढे ‘मी पण’च्या पुढे एक अक्षर द्यायचं नाही. आजवर आपण ते नकळत करत होतो. आता विज्ञानाचा आधार आहे.”

“मी असं म्हणालो नव्हतो,” डॉ. मेस्त्री म्हणाले. परंतु तोंडात सुपारी होती, आणि टाळ्याही सुरू झाल्या होत्या.

दोन दिवसांनी हलिमा पुन्हा काचेच्या खोलीत उभी राहिली. समोर पडद्यावर ते दोन शब्द. इथे ‘चौकडी’ची चित्रं कशी बनत ते सांगायला हवं. चित्रकार कधीच घरी गेले होते. आवाज यंत्रात घातले, की यंत्र त्यांच्यावरून चित्रं हलवी. कोण हसलं, कोण दचकलं, कुणी कुणाकडे बघायचं, सगळं आवाजाच्या चढउतारावरून. वाक्य पुरं झालं की यंत्र पुढे जाई, अर्धं असलं की बाकीच्यांना बोलणाऱ्याकडे वळवून थांबवून ठेवी. माणसं तसंच करतात, असं त्याने लाखो दृश्यं बघून शिकून घेतलं होतं. आवाज यंत्रात घालण्याआधी एक माणूस ते ऐकून तपासायचा. तो चिनारची वाक्यं तपासायचा, मृण्मयीची तपासायचा, गोट्याच्या भज्यांचा कुरकुर आवाजही तपासायचा. कस्तुरीचं तपासत नसे. त्यात तपासायचं काय?

हलिमाने ते दोन शब्द बघितले. इतके दिवस ते तिच्या तोंडातून एका दमात निघत होते, पाठीवर थाप मारल्यासारखे. आज तिने पहिला म्हटला.

“मी...”

आणि थांबली. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक फोनवर होता. खोलीत इतकी शांतता होती, की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. पुढचा शब्द तिने हलकेच खाली ठेवला, शेवट न करता, कुणी अजून दारात उभं आहे म्हणून दार उघडं ठेवावं तसा.

“...पण...”

लिहिलेलं तेच होतं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. ध्वनिमुद्रकाने अंगठा वर केला. हलिमा स्कूटरकडे गेली.

तो भाग लागला तेव्हा नाझू आणि ती जेवत होत्या. चोर देवळातली घंटा घेऊन पळाला. “चला, चोर पकडू!” चिनार म्हणाला. मृण्मयीने युक्ती सांगितली. कस्तुरीने हात वर केला.

“मी... पण...”

चिनार पळता पळता थांबला. मृण्मयीने मान वळवली. गोट्याच्या हातातलं भजं तोंडाजवळच राहिलं. तिघं कस्तुरीकडे बघत उभी राहिली. ती काय म्हणते त्याची वाट बघत. मागची झाडं संथपणे हलत होती. चोरही थोडा पुढे जाऊन थांबला आणि त्याने मागे वळून बघितलं. घंटा त्याच्या हातात एकदा किणकिणली. वाक्य पुरं होईना, म्हणून यंत्र पुढे जाईना. ढग आले, गेले, चौघांच्या सावल्या लांब होत गेल्या, आणि कस्तुरी मधोमध उभी, सगळ्यांनी बघावं अशी. भागाची वेळ संपेपर्यंत.

नाझूचा घास हातातच राहिला होता.

“पण काय?” ती कुजबुजली.

“काय असेल?”

“तू नको सांगू,” नाझू घाईने म्हणाली. “ती सांगेल.”

सकाळी वाहिनीचा फोन बंद ठेवावा लागला. गावोगावची मुलं एकच विचारत होती: पण काय? विभावरीताईंनी हलिमाला बोलावून घेतलं. टेबलाभोवती समिती बसली होती.

“हे तू मुद्दाम केलंस.”

“जे लिहिलंय तेच बोलले, ताई.”

“शब्द तेच आहेत गं, पण...”

आणि विभावरीताई अडखळल्या. समितीतले सगळे त्यांच्याकडे वळून वाट बघत थांबले. कुणाला का ते कळेना. डॉ. मेस्त्रींना मात्र कळलं, त्यांनी रुमालात तोंड लपवलं.

“ताई, तिला बोलू द्या,” हलिमा म्हणाली. “सिंह नको, समान आहोत नको. तिच्या मनात येईल ते. कधी भूक लागली म्हणेल, कधी येत नाही म्हणेल. माझी लेक शाळेत तिच्या नावाने मुकी उभी राहते हो.”

विभावरीताईंनी खिडकीबाहेरच्या नारळाकडे बघितलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते खरंच होतं. “समितीपुढे ठेवते,” त्या म्हणाल्या, आणि समिती समोरच बसली होती. समितीने ठरवलं, की कस्तुरीसाठी हलिमाचा जुना, एका दमातला आवाज वापरायचा. तो साठवलेला होताच. आता हलिमाची गरज नव्हती. काम गेलं. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दिलेली उशीही परत मागितली.

ती देऊन हलिमा तशीच नाझूच्या शाळेवर गेली. मधली सुट्टी होती. कुंपणाबाहेर स्कूटर लावून ती उभी राहिली. आत चौकडी चालली होती.

“चला, चोर पकडू!” एक मुलगा ओरडला. त्रिशाने युक्ती सांगितली. नाझूने हात वर केला.

“मी... पण...”

सगळी थांबली. चोर झालेला मुलगाही थांबला. कालच्या भागात थांबले होते, तेव्हा थांबायचंच. नाझूने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. इतकी तोंडं तिच्याकडे वळलेली तिने कधी बघितली नव्हती.

“मला शू लागलीय,” नाझू म्हणाली. “माझ्याशिवाय पकडायचं नाही.”

ती पळत गेली. सगळे थांबले. कुणीतरी चोराला म्हणालं, “ए, तू बस जरा.” चोर मातीत बसला. दुपारचं ऊन मैदानावर पसरलं होतं, आणि एवढी मुलं हूं की चूं न करता वाट बघत उभी होती. मग ती ओले हात फ्रॉकला पुसत, सावकाश आली.

वाहिनीने जुना आवाज वापरला, त्याचा उपयोग झाला नाही. मुलांच्या कानांना आता त्या दोन शब्दांत फट ऐकू यायला लागली होती, असली तरी, नसली तरी. त्या वर्षी मराठी मुलुखातल्या घरांत मोठी पंचाईत झाली. कुणी मोठं माणूस सहज “मी पण येतो” म्हणालं, की घरातलं पोर हातातलं टाकून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. काही मोठ्या माणसांनी मग, पोर इतकं थांबलंच आहे तर, म्हणून ‘पण’च्या पुढचं मनातलं सांगून टाकलं. त्यातून काही लग्नं मोडली आणि एक जमलं, असं म्हणतात.

हलिमाला पुढे मुरुडच्या फेरीबोटीवर घोषणा द्यायचं काम मिळालं. लाटांच्या आवाजाच्या वरताण ती उतारूंना पुढच्या धक्क्याचं नाव सांगे.

उशी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती नाझूचे केस विंचरत बसली होती. काल रात्री काय झालं ते सांगायला आता कुठलं चित्र नव्हतं. तिने कंगवा दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलला.

“नाझू, स्वप्न पडलं का गो?”

“हो. मोठं होतं.” नाझूने जांभई दिली. “मी जंजिऱ्याच्या वर बसले होते, अगदी तोफेवर. खाली पाण्यात मासे होते, आणि ते सगळे मला काहीतरी विचारत होते. मी म्हटलं, एकेकाने विचारा.”

“आणि तू... तू कशी दिसत होतीस?”

नाझूने मान वळवून आईकडे बघितलं. असला येडा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

“अम्मी, मला मी कशी दिसणार? मी आतून बघत होते ना. आणि केस ओढू नकोस, दुखतंय.”